उरलेल्याचं कारण

पडघान साहेबांच्या देखत ताटात काही टाकू नये. टाकलंच, तर कारण तयार ठेवावं.

ईरा आणि निषाद, तुम्हाला ते आठवत असतीलच. तुम्ही मागे इथे आजीकडे, बुलढाण्याला आला होतात, तेव्हा निषाद अर्धी पोळी ताटात ठेवून उठला. पडघान साहेब समोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "बेटा, ही पोळी मागितली कोनं होती?"

"मी."

"कोनाची जबरदस्ती होती काय?"

"नाही."

"मंग उरली काऊन?"

निषाद गोंधळून म्हणाला, "पोट भरलं."

साहेबांनी मान हलवली. "हे कारण चालते. पन पोट केवढं आहे ते मागायच्या अगोदर पाहत जाय."

त्या दिवसापासून तुम्ही त्यांचं नाव 'कारण आजोबा' ठेवलंत. परवा ईराने फोनवर विचारलं, की ते असे का आहेत. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

साहेब आमच्या शेजारी राहतात आणि सरकारी वसतिगृहं चालवणाऱ्या एका खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखाधिकारी आहेत. त्यांचं काम समजलं, की माणूस निम्मा समजतो. सरकारचं प्रत्येक खातं वर्ष सुरू होण्याआधी सांगतं, की आम्हाला अमक्या कामासाठी एवढे पैसे लागतील. याला मागणी म्हणतात. वर्ष संपलं, की त्याच खात्याला कळवावं लागतं, की त्यातला खर्च किती झाला. कमी झाला तर का कमी, जास्त झाला तर का जास्त. ही माहिती गावातून जिल्ह्याला येते, जिल्ह्यातून पुण्याला, पुण्याहून मुंबईला जाते, आणि शेवटी तिचं जाड पुस्तक होऊन विधिमंडळापुढे ठेवलं जातं. त्या पुस्तकात आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात. आमच्या जिल्ह्यातल्या वसतिगृहांच्या ओळी पडघान साहेब लिहितात.

तुम्हाला वाटेल, पैसे उरले तर शाबासकी मिळत असेल. घरात मिळते. सरकारात उरलेल्या पैशाकडे संशयाने पाहतात. मागितले होते, म्हणजे कुणाला तरी गरज होती. मग ती गरज गेली कुठे? साहेबांचं सगळं तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आहे, आणि ते त्यांनी कार्यालयात ठेवलं नाही, घरी आणलं.

अमडापूरच्या एका लग्नात ते उष्टी ताटं ठेवायच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. नवरदेवाचे मामा ताटात दोन अख्खे लाडू घेऊन आले. साहेबांनी त्यांना अडवलं. मामांना आधी वाटलं हे केटररचे माणूस, मग वाटलं नवरीकडचे कुणी वडीलधारे.

"चव पाहाले घेतले होते," मामा चाचरत म्हणाले.

"दोन? पयल्याची चव दुसऱ्यात पाहाले काय?"

मामांनी दोन्ही लाडू तिथेच उभ्याने खाल्ले.

माझ्याकडे चहाला आले, की "अर्धा" म्हणतात. मी पाऊण कप ओतला तर परत करत नाहीत, पण सुनावतात: "पुरवणी मागणी नव्हती माझी, मॅडम." भाजीवाली त्यांच्या पिशवीत वजन झाल्यावर चार मिरच्या टाकते, तर तिलाही विचारतात, की हे कशापोटी. ती म्हणते, "तुमच्या डोक्यापोटी, साहेब." हे कारण त्यांनी अजून नाकारलेलं नाही.

मोघम कारणांचा त्यांना मनस्वी राग आहे. 'पदे रिक्त असल्याने', 'प्रशासकीय कारणास्तव', 'अपरिहार्य परिस्थितीमुळे' ही वाक्यं कुणी लिहून आणली, की ते कागद दोन बोटांत धरून परत करतात. "हे कारण नाही. हे कारणाच्या जागेवर झाकलेलं फडकं आहे. उचला आन् खाली काय आहे ते लिवा." त्यांचा मुलगा हैदराबादला असतो. यंदा दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही. काय झालं म्हणून मी विचारलं, तर साहेब दाराची कडी पुसत म्हणाले, "काम निघालं म्हणते. मोघम आहे." आणि विषय बदलला. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली.

माझा या कामाशी संबंध एवढाच, की ही कारणं मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावी लागतात, आणि मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. म्हणून दर वर्षी उन्हाळ्यात साहेब फाइल घेऊन आमच्या पुढच्या खोलीत येतात. एकदा त्यांनी लिहिलं होतं, की गृहपाल रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. माझं इंग्रजी वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. "बाई वारल्यासारखी वाटून राह्यली, मॅडम. ती नांदुऱ्याले आहे. तिची बदली झाली." मी वाक्य बदललं.

यंदा मेच्या अखेरीस ते आले ते नेहमीसारखे बसले नाहीत. फाइल टीपॉयवर ठेवली आणि खिडकीशी उभे राहिले. त्या दिवशी कार्यालयाला सुट्टी होती, पण पुण्याला सगळी कारणं संध्याकाळच्या आत हवी होती. बाकीची झाली होती. एक अडलं होतं.

सोनाळ्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका खेड्यात मुलींचं वसतिगृह आहे. डोंगरातल्या वस्त्यांवरच्या पोरी तिथे राहून शिकतात. त्या वसतिगृहाच्या जेवणाच्या पैशातला चांगला मोठा हिस्सा वर्षाअखेर तसाच उरला होता. साहेबांनी तिथल्या गृहपाल सुनीताला फोन करून एवढंच सांगितलं होतं: "कारण घेऊन या." ती पहाटेच्या गाडीने निघाली होती.

ती यायच्या आधी पुण्याचा फोन आला. साहेब फोन नेहमी स्पीकरवर लावतात, साक्षीदार असावा म्हणून. पलीकडचे अधिकारी घाईत होते, पण सभ्य होते.

"पडघान, एवढा विचार कशाला करताय? 'विद्यार्थिनींची उपस्थिती कमी' असं लिहा. सगळे लिहितात."

"उपस्थिती कमी नव्हती, साहेब."

"मग पैसे उरले कसे? मुली होत्या, जेवत होत्या, आणि पैसे उरले? हे मी वर कसं सांगू? हे पाहा, तसंही लहान वसतिगृहं मोठ्यात मिळवायचं चाललंय. उपस्थिती कमी असेल तर ते जळगाव जामोदच्या वसतिगृहात विलीन करता येईल. तुमचाही एक व्याप कमी."

फोन बंद झाला. मी म्हटलं, जळगाव जामोद काही फार लांब नाही, मुली तिथे राहतील.

"पोरी राहतीन, मॅडम. त्याहिचे बाप पाठवतीन काय? त्या गावात त्याहिची ओळख आहे, बाजाराले येतात तवा पोरीले पाहून जातात. तिकडं धाडाचं म्हणलं की अर्ध्या पोरीहिचं शिक्षण खतम. जूनमधे दप्तर घेऊन येतीन आन् दाराले कुलूप दिसन."

एवढ्यात सुनीता आली. तिशीतली, उन्हाने रापलेली, खांद्याला पर्स आणि हातात एक जड कापडी पिशवी. मी पाणी दिलं, ते तिने उभ्यानेच प्यायलं. साहेबांनी बसा म्हटलं नाही.

"कारण आणलं काय?"

"हाव." तिने पिशवी टीपॉयवर उपडी केली. वांगी, गवार, दोडकी, हिरव्या मिरच्या. एक वांगं गडगडत फाइलीवर गेलं. "हे घ्या कारण."

साहेबांनी वांग्याकडे पाहिलं, जणू ते रजेचा अर्ज न देता आलं होतं. "बिल कुठं आहे याचं?"

"बिल नाही. बापू माळ्याच्या मळ्यातलं आहे. त्याच्या तिन्ही पोरी आपल्याकडंच शिकल्या, धाकटी तं आता नर्स आहे. तवापासून रोज एक टोपलं पाठवते. नको म्हणलं तं दारात ठेवून जाते. त्याचं पाहून दुसरेही देऊन राह्यले. कोनी मेथी, कोनी काकड्या. बजारातून भाजी आनाचं काम पडत नाही. मंग पैसे उरतीन नाही तं काय?"

"नोंद केली?"

"काहाची नोंद करू, साहेब? दारात ठेवलेल्या वांग्याची पावती कोन देते?"

"म्हणजे बिगर नोंदीची भाजी पोरीहिच्या ताटात गेली. सालभर." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. तो जास्त वाईट वाटला. "एखादी पोरगी बिमार पडली असती तं? कोनाचं नाव आलं असतं? बापू माळ्याचं?"

सुनीता म्हणाली, "मी पैसे खाल्ले असते तं बरं झालं असतं काय? बिलं आनली असती, सारा खर्च बरोबर दिसला असता, तुम्ही मले बोलावलंही नसतं."

पंख्याने फाइलीचे कागद फडफडत होते आणि साहेबांनी त्यांच्यावर ते वांगंच ठेवलं.

मी म्हटलं, जे आहे ते लिहा. गावाने भाजी दिली, म्हणून खर्च कमी झाला. याहून चांगलं कारण सरकारला कुठे मिळणार आहे?

"लिवतो ना. मग लेखापरीक्षण विचारन, भाजी कोनाच्या परवानगीनं घेतली. गृहपालची चौकशी लागन. तिची नोकरी अजून कायम नाही, मॅडम. एका चौकशीत घरी बसन." ते थांबले. "कारण लिवलं तं गृहपाल जाते. नाही लिवलं तं वसतिगृह जाते."

सुनीता पहिल्यांदाच खुर्चीत बसली, अगदी कडेला. "माझं लिवा, साहेब," ती म्हणाली. "वसतिगृह राहू द्या."

"तुम्हाले कोनी विचारलं?" साहेब खेकसले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. खरं म्हणजे त्या खोलीत बसवत नव्हतं. परत आले तेव्हा साहेब तसेच पाठमोरे उभे होते. पुण्याचा फोन पुन्हा वाजला. त्यांनी तो उचलला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी वाजता फोन सोडलेला मी पाहिला नव्हता. वाजून वाजून तो थांबला.

"पोरी किती पोळ्या खातात?" त्यांनी खिडकीबाहेर पाहतच विचारलं.

"कोनी दोन, कोनी चार," सुनीता म्हणाली. "पोट भरेपर्यंत. मी मोजत नाही."

"ठरलेलं माप किती आहे?"

तिने सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं आणि त्यांनाही.

साहेब येऊन बसले. चष्मा काढून रुमालाने पुसत राहिले, आणि बोलले ते माझ्याकडे पाहून, जणू सुनीता तिथे नव्हतीच. "मागं एका तपासणीले तिथं गेलो होतो. पोरी जेवून राह्यल्या होत्या. एक लहानी पोरगी रिकामं ताट घेऊन उठली, पुन्हा वाढून घ्याले. तिनं मले पाहिलं आन् ताट धुवाले घेऊन गेली. मी काहीच बोललो नव्हतो, मॅडम. निसता उभा होतो." त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला. "तवापासून त्या वसतिगृहाची मागणी मी मापापेक्षा जादा लावतो. जेवणाची. पोरी वाढत्या वयाच्या आहेत. माप बसवणारानं कधी वाढती पोरगी पाहिली नसन."

लोकांच्या अर्ध्या पोळीचा जाब विचारणारा हा माणूस वर्षानुवर्षं सरकारकडे जास्तीचं मागत आला होता.

"म्हणजे उरलेले पैसे ते आहेत?" मी विचारलं.

"त्यात ते आहेत."

"सगळे?"

ते पेन उघडत होते. हात थांबला. "बरेचसे," ते म्हणाले. "बाकीचे त्याच्यातच धरा."

आणि त्यांनी लिहिलं: जिल्हा लेखाधिकाऱ्याने गरजेपेक्षा जादा मागणी नोंदवल्यामुळे. खाली दुसरी ओळ: विद्यार्थिनींची उपस्थिती पूर्ण होती.

मी इंग्रजी केलं, तसल्या कागदांत असतं तसं, कुणाचंही नाव न घेता. त्यांनी वाचून परत दिलं. "चूक झाली हे आलं. कोनं केली ते नाही आलं. टाका." मी टाकलं.

कागदाचा फोटो पुण्याला गेला आणि लगेच फोन आला. या वेळी त्यांनी उचलला.

"पडघान, हे काय लिहिलंय? तुमच्या निवृत्तीला वर्षसुद्धा राहिलेलं नाही. खुलासा मागवतील. शेरा बसेल. पेन्शनच्या वेळी कागद अडेल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"अहो, उपस्थितीचं लिहिलं असतं तर कुणाचंच काही बिघडलं नसतं."

"कोनाचंच नाही, साहेब. चाळीसेक पोरी सोडून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. सुनीताने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मी चहाच्या कपांकडे पाहत होते. त्यातल्या एकालाही कुणी हात लावला नव्हता.

"उपस्थिती खरंच पूर्ण आहे?"

"पूर्ण आहे. शाळा उघडली की केव्हाही येऊन पाहा. जेवायच्या वक्ताले या."

"मग विलीनीकरणाचा मुद्दा उरत नाही," पुण्याचे अधिकारी हळू म्हणाले. "पुढच्या वर्षीची तुमची मागणी मात्र मापावर येईल. जास्तीचं मिळणार नाही."

"मंजूर."

फोन बंद झाला. सुनीता काहीतरी म्हणायला गेली, पण साहेबांनी तिला संधी दिली नाही. परवानगीचा अर्ज कसा करायचा, दान आलेली भाजी रोज कुठे लिहायची, कुणाची सही घ्यायची, चव कुणी आधी पाहायची, हे त्यांनी एका दमात सांगितलं. "आन् बापूच्या घरी मी स्वतः येईन. त्याले सांगा, टोपलं दारात ठेवून पळाचं नाही. आत याचं, सही कराची, मंग जाचं." मग टीपॉयकडे बोट दाखवलं. "हे उचला. कोनी आलं तं मले लाच दिली वाटन."

त्या धमकीतला खुलासा पुढे खरंच मागवला गेला. साहेबांनी तो पानभर लिहून दिला, आणि त्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण त्या दुपारी आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. सुनीताने वांगी पिशवीत भरली, थंड झालेला चहा पिऊन टाकला, आणि आम्ही तिघं चालत स्टँडवर गेलो. ऊन रणरणत होतं. वाटेत साहेब तिच्या पुढे चार पावलं चालत होते आणि मागे न पाहता सूचना देत होते.

जळगाव जामोदची गाडी लागलेली होती. सुनीताला खिडकीशी जागा मिळाली. साहेब खिडकीखाली उभे राहून म्हणाले, "यंदा एक गवारीची शेंगही उरली, तरी मले फोन कराचा." ती हो म्हणाली. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली आणि पत्रा थरथरू लागला. तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि आवाज खाली आणला. तरी मला ऐकू आलं.

"गृहपाल मॅडम, एक विचारू काय?"

"विचारा ना, साहेब."

"मी तपासणीले येतो त्या दिवशी कढी असते. ते जेवणाच्या तक्त्यातच आहे काय?"

सुनीताने माझ्याकडे पाहिलं. नवा आक्षेप निघतो की काय, अशी भीती तिच्या तोंडावर स्पष्ट होती. पण ती खोटं बोलली नाही. "नाही, साहेब. तक्त्यात वरण आहे."

"मंग?"

"पोरी करतात. मागं एकदा तुम्ही कढी दोनदा मागून घेतली होती. ते त्याहिनं पाहून ठेवलं. तुम्ही येनार कळलं, की आदल्या दिवशी आपापल्या वाटीतलं दही थोडं थोडं काढून ठेवतात. मी सांगत नाही त्याहिले. त्या आपल्या मनानंच करतात."

गाडी हलली. साहेबांचा हात गजावर होता, तो त्यांनी उशिरा काढला, आणि त्यासाठी त्यांना दोन पावलं गाडीबरोबर चालावं लागलं. सुनीता खिडकीतून काहीतरी म्हणाली, ते आवाजात गेलं.

धूळ खाली बसली. मी म्हटलं, "चला, ऊन फार आहे."

"हाव," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. गाडी वळणावरून कधीच दिसेनाशी झाली होती.

"थांबा जराक, मॅडम," ते म्हणाले. "पुरी जाऊ द्या गाडी."